कोलशेतच्या गाडीवरचा हॉटडॉग

अंडं वाटीच्या कडेवर आपटणार, तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं थांब, आज चतुर्थी आहे." नळाचं पाणी भरून झालं होतं, दूध उतू जायच्या बेतात होतं, पोळ्या झाल्या होत्या. मी अंडं परत टोपलीत ठेवलं आणि डब्यासाठी बटाटे चिरायला घेतले. आमच्या घरी कॅलेंडर बघायचं काम ह्यांचं. चहा येईपर्यंत ते भिंतीसमोर उभे राहायचे आणि दिवस कसला आहे ते मला सांगायचे.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कोलशेतच्या एका कारखान्यात ते कामाला होते. पगाराच्या दिवशी सुटल्यावर तिथल्या एका गाडीवर हॉटडॉग खायचे. घरी येऊन वर्णन करायचे, "लांबट पाव, आत कोंबडीचं सॉसेज, वर पिवळी चटणी. उभ्यानेच खायचं. तुला एकदा नेतो." ते राहिलं. गेल्या आठवड्यात ह्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, तिथला रस्ता खोदणार आहेत. या रविवारपासून गाडी नसेल. पुढे कुठे लावतील, त्यांनाच माहीत नाही." म्हणून निघाले.

सोमवार आणि गुरुवार आम्ही पाळतो. शनिवार मोकळा होता. डोंबिवलीहून शिळफाट्याच्या रस्त्याने बसने गेले. तुम्ही जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी ठेवा. मुंब्र्याच्या बायपासला ट्रकांच्या मागे माझी वीस पानं वाचून झाली. बसथांब्यावर एक बाई दूर्वा आणि जास्वंद विकत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तरी डोक्यात काही आलं नाही. ठाण्याला उतरून कोलशेतसाठी शेअर रिक्षा मिळते, पण ती भरेपर्यंत सुटत नाही. माझे गुडघे तोवर बोलायला लागले होते.

गाडी म्हणजे लाल रंगाचा टेम्पो. एका बाजूला खिडकी कापलेली. आत नवरा तव्यावर, बायको खिडकीत. बाकडं नाही. साधा हॉटडॉग एकशे तीस, चीज घातलेला दीडशे. गिऱ्हाईक फक्त दोन मुलं, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं.

"दादा, मस्टर्ड नीट मार," एक म्हणाला. "मागच्या वेळी नुसता पाव खाल्ला मी."

"मागच्या वेळी तूच म्हणालास, तिखट लागतं," बाईंनी आतून सुनावलं. "चार बोटं चाटलीस आणि आता तक्रार."

मी साधा सांगितला. सॉसेजला तिरक्या चिरा देऊन त्यांनी ते तव्यावर टाकलं. वास चांगला होता. बाई म्हणाल्या, "बरं झालं मावशी आलात. चतुर्थीला आमच्याकडे शुकशुकाट असतो."

"आज चतुर्थी?"

"संकष्टी. तुम्ही करता?"

मी होकारार्थी मान हलवली. सकाळी पोळीभाजी खाऊन निघाले होते, म्हणजे उपास कधीच मोडला होता. त्याचं एवढं काही नाही. पण घरातून निघताना कुणी थांबवलं नव्हतं.

दुसरा मुलगा म्हणाला, "माझी आई आज घरात अंडं पण बघू देत नाही, म्हणून तर इथे आलो. खा बिनधास्त मावशी, गाडीला छप्पर आहे, वरून काही दिसत नाही."

मलाही हसू आलं. एवढ्या लांब आले होते, आणि उद्या ही गाडी इथे नसणार. तव्यावर सॉसेज फुगलं होतं. हे असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत होतं.

"बांधून द्या," मी म्हटलं.

"पाव मऊ पडेल हं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पाव वेगळा गुंडाळला, सॉसेज फॉइलमध्ये, मस्टर्ड छोट्या डबीत. "फ्रीजमध्ये ठेवा. उद्या तव्यावरच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो."

परतीचा प्रवास जातानापेक्षा लांब वाटला. घरी पोचले तेव्हा पाय सुजले होते. पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आणि चंद्राची वाट न बघता वरणभात खाऊन झोपले.

जायचं की नाही विचाराल, तर गाडी नवीन जागी लागली की जरूर जा. माणसं चांगली आहेत, तवा स्वच्छ आहे. निघताना वाराबरोबर तिथीही बघा. मला वाटलं होतं, तिथे उभी राहिले की हे थोडे जवळ वाटतील. ते जवळ वाटले ते मात्र "बांधून द्या" म्हणताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी कॅलेंडर पाहिलं. मग तवा ठेवला, सॉसेज गरम केलं, पाव शेकला, पिवळी चटणी लावली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्लं.