शैलाची शेंगांची टोपली

आमचे वडील होटगीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. ते आजारपणाने घरी बसले आणि आईने एका व्यापाऱ्याच्या भुईमुगाच्या शेंगा घरी आणून फोडायला सुरुवात केली. पोत्यांमागून पोती. बोटांची सालं निघायची, भाजीतसुद्धा टरफल सापडायचं. मी थोरली, शैला धाकटी. मी अभ्यासात बरी, म्हणून आईने मला त्यातून सोडलं. "तू पुस्तक धर. शेंगा मी आन् शैला बघतो की." मी भिंतीकडे तोंड करून वाचायची आणि पाठीमागे त्या दोघींचं हळू आवाजात चालायचं... आईचं माहेर, तिच्या काळज्या, मधूनच दोघींचं हसणं. मी वळून बघितलं की आई म्हणायची, "तुजं चालू दे." आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण त्या बोलण्याचा हेवा मला तेव्हापासून वाटत आला. आज तोही लपवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी शैला गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सोलापुरातल्या एका कॉलेजात ती समुपदेशक होती. मंद्रूपहून, पार करमाळ्याहून शिकायला आलेली पोरं-पोरी आमच्या दारात रडत उभी होती. त्यातल्या एकीने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुम्ही मॅडमच्या कोण?" मी तिची सख्खी बहीण... त्या दिवशीसुद्धा मी मनातून जळले.

कॉलेजातल्या तिच्या टेबलावर शेंगांनी भरलेली टोपली असायची. मी चिडवायचे, "एवढं शिकलीस आणि परत शेंगाच का गं?" ती म्हणायची, "अक्का, हात कामात असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मग माणूस बोलतो. आई नाही का बोलायची?" मला कुठलं माहीत असणार! मी पुस्तक धरून बसलेली.

माझी मुलगी मेघा दोन वर्षांपूर्वी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसून दुसऱ्यांदा मागे पडली होती. तिला विचारूनच हे लिहिते आहे. एका दुपारी मी शाळेत शिकवत असताना शैलाचा फोन आला. "अक्का, मेघा माझ्याजवळ आहे. तास सोड आणि ये."

कॉलेजात गेले तर मेघा खाली मान घालून शेंगा फोडत होती. शैलाने तिला सरळच विचारलं होतं, "मेघा, मरावंसं वाटतं का?" आणि मेघा "हो" म्हणाली होती. आईला सांगू नकोस, म्हणून रडली होती. शैलाने सांगितलं, "बाकी सगळं पोटात ठेवीन, हे नाही ठेवणार. तू सांगतेस, की दोघी मिळून सांगूया?"

मेघाने स्वतः सांगितलं. आणि मी काय म्हणाले? "मला का नाही सांगितलंस? तुझी आई मी, की ही?" मग शैलावर उलटले. "असलं विचारून तूच तिच्या डोक्यात भरवलंस!"

शैलाचा आवाज चढला नाही. "ते आधीपासून होतं, अक्का. विचारलं म्हणून तिला बोलता आलं. बस इथे. शेंगा फोड आणि ऐक. मध्ये शिकवू नकोस."

मी बसले. धड फोडताही येईना. मेघा रडतारडता म्हणाली, "आई, दाणे चिरडतेयस की!" मग टरफलं बाजूला सारत ती हळूच बोलली, "घरातली पहिली शिकलेली तू. आणि पहिली नापास मी." मला बरंच काही बोलायचं होतं. शैलाने माझ्या पुढ्यात आणखी मूठभर शेंगा ओतल्या.

त्याच संध्याकाळी शैला आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पत्ता हातात देऊन मोकळी झाली नाही, आमच्या सोबत बाकावर बसून राहिली. घरातल्या धोक्याच्या वस्तू तिने मला कुलपात ठेवायला लावल्या. पहिले काही आठवडे मेघाला एकटं सोडायचं नाही, असं बजावलं. मेघाच्याच हाताने एक कागद लिहून घेतला: मन बिघडतंय हे कसं ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा. पहिलं नाव मावशी. दुसरं आई.

कपाटाच्या आत चिकटवलेला तो कागद मी रोज वाचायची आणि रोज जळायची. एकदा न राहवून शैलाला म्हणालेच, "तिला सांग, माझं नाव वर घे म्हणून."

"दोन नावं आहेत ना? एकीचा फोन लागला नाही तर दुसरीचा लागावा, एवढंच. त्यात नंबर कसला लावतेस!"

आता त्या पहिल्या नावाचा फोन लागत नाही... शैलाला जाऊन दहा दिवस झाले तेव्हा मेघा त्या कपाटापुढे उभी दिसली. शैलाची टोपली मी कॉलेजातून घरी आणली होती. ती तिच्यापुढे ठेवली, शेजारी बसले. शैलाच्याच शब्दांत विचारलं, "मेघा, मरावंसं वाटतं का?"

"नाही, आई. मावशीची आठवण येते. लई."

"मलापण," मी म्हणाले आणि एक शेंग उचलली. आम्ही अर्धी टोपली फोडली. त्या दाण्यांची चटणी केली, खलबत्त्यात कुटून, आई करायची तशी.

मावशीचं नाव मेघाने खोडलेलं नाही. मीही खोडू दिलं नसतं. मेघा आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात तिचं मन बिघडलं, तेव्हा तिने मला फोन केला.