वन्संची मिरचीची रोपं

निम्म्या चादरी पिळून झाल्या होत्या, निम्म्या अजून बादलीतच होत्या, तेवढ्यात वन्संनी मागच्या खोलीतून हाक मारली. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. तीस वर्षं शिवणयंत्रावर बसल्या, डोळे थकले तशा आमच्याकडे राहायला आल्या. बसून खायचं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून घरात मिरचीची रोपं करून नर्सरीवाल्याला द्यायचं अंगावर घेतलं. दहाही ट्रे सारखे आले तर हंगामभराचं काम तुमचं, असं तो म्हणाला होता, आणि आज तो बघायला येणार होता.

दाराजवळचे दोन ट्रे खुरटले, तेव्हा वन्संनी ते खिडकीशी नेले आणि खिडकीतले दोन हिरवेगार ट्रे दाराशी ठेवले. आठ दिवसांत तेही पिवळे पडले. मी आत गेले तर वन्सं त्यांच्यापाशीच उभ्या होत्या.

"बी एकच, माती एकच. फटीतून वारं लागतं म्हणून दाराखाली फडकी कोंबली. आता आणखी काय करू?"

मग त्यांनी एकेक ट्रे उचलून पाहिला. दाराजवळचा उचलताना हात खाली गेला.

"हा एवढा जड कसा गं? माती कोरडी झाल्याशिवाय मी पाणी घालत नाही."

पूजेनंतर देवापुढच्या तांब्यातलं पाणी मोरीत ओतायला माझं मन धजत नाही. ते मी रोज दाराशी हाताला येतील त्या ट्रेंत ओतत होते. मी सांगून टाकलं.

वन्सं स्टुलावर बसल्या.

"देवाला म्हणावं, मिरचीला एवढी भक्ती सोसत नाही."

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलं तर चुकलं. मला वाटत होतं, माझ्याच हातात आता काही उरलं नाही."

नर्सरीवाला आला. सहा ट्रे त्याने बाजूला काढले.

"हे छान आहेत, मावशी. ते चार पुन्हा करा. सारखे आले तर हंगामाचं बोलू."

"म्हणजे आणखी चाळीस दिवस."

"रोपांना घाई करून कसं चालेल?"

तो गेल्यावर वन्संनी चारही ट्रे रिकामे केले, ओली माती गच्चीत पसरली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू नको. तुझा हात फार सढळ आहे."

मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पिशवी घेतली आणि मिरचीचं बी आणायला दुकानात गेल्या.