दोन मीटर कमी पडलेली केबल

केबलकाकांना घाई कशाशी खातात हे कधी कळलंच नाही. चहा पुढ्यात आला की तो पार निवेपर्यंत त्यांचा पेपरातला पहिला मथळा वाचून होई. आणि हा माणूस नोकरीला कुठे, तर उतावळ्या यंत्रांच्या खोलीत. बायको म्हणायची, “तुम्हाला तिथे ठेवून घेतात तरी कसे?”

खोलीच्या एका टोकाला शेअर बाजाराचं मुख्य यंत्र होतं, समोर रांगेने वेगवेगळ्या कंपन्यांची कपाटं. भाव हलला की त्यातली यंत्रं कुणाला न विचारता खरेदी-विक्री करून मोकळी. पापणी लवेपर्यंत हजारो सौदे. ज्याचा सौदा आधी पोचेल, भाव त्याला. म्हणून मुख्य यंत्रापासून प्रत्येक कपाटापर्यंतची केबल अगदी सारख्या लांबीची हवी, असा नियम होता. लांबच्याची सरळ, जवळच्याची वेटोळी घालून. काका प्रत्येक केबल तीनदा मोजत. सावकाश माणसाला याहून चांगली नोकरी मिळाली नसती.

त्या सोमवारी मात्र लेक बऱ्याच महिन्यांनी घरी यायची होती. पहिल्या कपाटाची खराब केबल बदलताना काकांनी जन्मात पहिल्यांदा घाई केली. एकदाच मोजलं आणि निघाले.

मंगळवारी बोंबाबोंब झाली. पहिल्या कपाटाचे सौदे दर वेळी सगळ्यांच्या आधी पोचत होते. खोलीचा कारभार बघणाऱ्या साहेबीणबाईंनी सगळा ठपका तिथल्या एका तरुण प्रोग्रामर मुलीवर ठेवला. सौदे रांगेत लावायचा प्रोग्राम तिचा होता. दुपारी काकांनी गुपचूप केबल मोजली. दोन मीटर कमी.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. आज सांगू, उद्या सांगू करत ते वेटोळ्यांकडे बघत बसले. मुलगी मान खाली घालून स्क्रीनपुढे बसलेली असे, जेवायलाही उठत नसे. काकांना स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

शुक्रवारी तिला काढून टाकायचं पत्र टाइप होतंय असं कळलं, तेव्हा ते साहेबीणबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी कागदावर आकडा मांडला. “दोन मीटर. म्हणजे सौदा पोचला दहा अब्जांश सेकंद आधी. आणि तुम्ही माझ्यापर्यंत पोचलात तीन दिवसांनी.”

“हो.”

“नोकरीचं नंतर बघू. आधी तिला सांगा.”

मुलगी अजून स्क्रीनपुढेच होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“काका, तीन दिवस मी माझाच प्रोग्राम वाचतेय,” ती म्हणाली. “चूक सापडेना. मला वाटायला लागलं होतं, मला काही येतच नाही.”

काका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.