अंतोनींच्या हातातलं बाळ

सोमवारी माझं नर्सिंगचं मूळ प्रमाणपत्र हरवलं. शुक्रवारी शिरूरच्या एका दवाखान्यात ते दाखवून कामावर रुजू व्हायचं होतं, नाहीतर नोकरी दुसऱ्या कुणाला गेली असती. कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दौंडला माझ्या सासरी सगळे कॅथलिक. मी केडगावच्या मिशनजवळ वाढलेली प्रोटेस्टंट, त्यामुळे सासूबाईंच्या संतांवरून त्यांना चिडवायची मला खोडच होती. "आई, आमचं काम थेट देवाकडं. मधे शिपाई, कारकून न्हाईत," असं मी म्हणायचे.

हरवलेल्या वस्तू शोधून देतात ते संत अंतोनी. त्यांच्या पुतळ्याच्या हातावर बाळ येशू असतो. आमच्या घरच्या पुतळ्यातलं ते बाळ अंगठ्याएवढं आणि सुटं. सासूबाईंनी सरळ ते काढून घेतलं आणि कुठंतरी लपवलं. जुनी रीत आहे ही. वस्तू सापडली की बाळ परत.

"सुनेचा कागद द्या, मग बाळ न्या," असं त्यांनी अंतोनींना बजावलं. मला हसूही आलं आणि रागही. इथं माझी नोकरी हातची चाललेली, आणि सासूबाई संताचं लेकरू ओलीस धरून बसलेल्या.

गुरुवारी संध्याकाळी झेरॉक्सवाल्याचा फोन आला. प्रमाणपत्र मी त्याच्या मशीनमध्येच विसरले होते. शुक्रवारी रुजू झाले आणि पेढे घेऊन घरी आले, तर सासूबाई रडकुंडीला आलेल्या. बाळ कुठं लपवलं तेच त्यांना आठवेना.

"अंतोनींना सांगा की," मी म्हणाले.

"कोणत्या तोंडानं सांगू? त्यांचंच लेकरू हरवलंय मी."

पेढ्याला त्यांनी हात लावला नाही. संतानं शब्द पाळला आणि आपण नाही, हेच त्यांना खात होतं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं थेट असतंय ना? मग आता तूच इचार."

मी ऐटीत बायबल काढलं, कव्हरची चेन उघडली. बाळ टपकन माझ्या मांडीवर पडलं.

सासूबाईंनी ते उचलून पदरानं पुसलं. "आता आठवलं बघ. तू रोज वाचतीस, म्हणून मुद्दाम तिथं ठिवलं व्हतं. म्हटलं, मी इसरले तरी तुला दिसंल."

सोमवारपासून ते तिथंच होतं. मला फार लाज वाटली. आई मात्र खुशीत पेढा खात होत्या.