पाय लागला म्हणून

आमच्या संस्थेच्या संचालकांनी नागपूरहून एक डमी आणली. रुग्णसेवा शिकवायला लागते तशी, माणसाएवढी, रबरी कातडीची. आणली त्या दिवशी तिला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले आणि काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवून दिली. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. दसऱ्याला थर्मामीटर, बीपीचं मशीन आणि डमी यांची एका रांगेत पूजा झाली. प्लास्टिकवरूनच तिच्या कपाळाला हळदकुंकू लागलं, ते अजून तसंच आहे. वर्गात वापरायला मागितली तर म्हणाले, "महागाची वस्तू आहे मॅडम. पोरी खराब करतीन."

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर यवतमाळला बसस्टँडमागच्या या संस्थेत शिकवायला लागले. खाली मोबाईलचं दुकान, वर आम्ही. बाभुळगावहून, मारेगावहून, पार झरीकडून बारावी झालेल्या पोरी येतात आणि काही महिन्यांत कुशल नर्सिंग असिस्टंट होऊन बाहेर पडतात, असं बोर्डावर लिहिलंय. बोर्ड छान आहे, रात्री दिवेही लागतात. पोरींना आल्याआल्या इंजेक्शन शिकायचं असतं आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फोटो काढायचा असतो. पेशंटचे दात घासून देणं, केस विंचरणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं म्हटलं की तोंडं वाकडी. एकीनं सरळ विचारलं, "हे काम त्याच्या घरचे नाही करत का जी?" मी म्हटलं, घरचे चहा प्यायला गेलेले असतात.

डमी कपाटात म्हटल्यावर पेशंट कोण होणार? मीच. भिंतीजवळ एक अरुंद कॉट होती, तिला कठडे नव्हते, कारण कठड्यांची कॉट फोटोत चांगली दिसत नाही. तिच्यावर मी लकव्याचा पेशंट होऊन पडायची. ते मला कुणी शिकवायला नको होतं. घरी माझे यजमान उजव्या अंगानं लुळे होऊन पडलेले. तहसील कचेरीत सगळी हयात गेलेला, अर्जातल्या काना-मात्रेवरून लोकांना परत पाठवणारा हा माणूस आता ‘हं’ आणि ‘नाही’वर आला होता. त्यांची कूस दर दोन तासांनी मीच बदलायची, वर्ग असला तरी मधे घरी जाऊन. मोलकरणीला जमत नव्हतं आणि मुलगा पुण्याला होता.

त्या दिवशी मारेगावकडची एक पोर पुढं आली. अंगानं बारीक, उंचीनं कमी, पण हातात ताकद होती. मी सगळ्यांना परत एकदा बजावलं, की पेशंटला आपल्या दिशेनं वळवायचं, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि तो नीट टेकेपर्यंत हलायचं नाही, कारण कठडा नसला की तुमचं अंग हाच कठडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला या पोरींना कधीच त्रास होत नाही. मग तिनं मला वळवलं आणि खरं सांगते, बरं वळवलं. मी अंग सैल सोडलं होतं. शिकवताना मी फसवत नाही.

उंची कमी पडत होती म्हणून तिनं एक गुडघा कॉटवर टेकवला. तो माझ्या हाताला लागला. झालं. मोठ्या माणसाला, त्यातून बाईंना, पाय लागला! तिनं दोन्ही हात काढले, मागं सरकली आणि माझ्या पावलांना हात लावायला कॉटच्या पायथ्याकडे वाकली. तिचा नमस्कार होईपर्यंत मी फरशीवर होते, मनगट अंगाखाली. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ही चूक लिहिलेली नाही. अर्धा वळवलेला पेशंट सोडून त्याच्या पाया पडायचं, हे आमच्याच वर्गात होऊ शकतं.

"काहून सोडलं वं?" मी फरशीवरूनच ओरडले.

"पाय लागला ना जी माहा तुम्हाले," ती रडत म्हणाली.

संचालक धावत आले. आधी कपाटाकडे बघून घेतलं, मग माझ्याकडे वळले. "म्हणून तर मी म्हणून राह्यलो होतो मॅडम, डमीवर शिकवा!" असं म्हणाले. या वाक्याला उत्तर द्यायचं तर दोन्ही हात धड लागले असते. संध्याकाळी ते घरी सफरचंदं घेऊन आले आणि झाल्या गोष्टीची बाहेर चर्चा नको, एवढं सांगून गेले.

हाड मोडलं होतं. प्लास्टर बसलं आणि घरी खरी पंचाईत सुरू झाली. एका हातानं मोठ्या माणसाची कूस बदलता येत नाही. मी ओढून पाहिलं, चादरीसकट ढकलून पाहिलं, मोलकरणीला शिकवून पाहिलं. ती ‘देवा देवा’ म्हणत डोळे मिटून ओढायची. शेजारणी बघायला यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि कुणाच्या सासऱ्याला कुठल्या तेलानं गुण आला ते सांगायच्या. उचलायला एकही उठली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांची पाठ पाहिली तर माकडहाडावर लाल डाग. बोटानं दाबला, पांढरा होईना, म्हणजे आत रक्त फिरत नव्हतं. वॉर्डात अशा डागांच्या जखमा झालेल्या मी पाहिल्यात, जखमेतून दिसणारं हाड पाहिलंय, आणि तसली माणसं घरी परत गेलेली फारशी पाहिली नाहीत. प्लास्टर निघेपर्यंत ती कातडी फुटू द्यायची नव्हती.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुझ्याच संस्थेतली एखादी मुलगी ठेव ना." जणू मी काय माल तयार करते ते मला माहीत नव्हतं! तरी विचारलं. एक म्हणाली, पुरुषमाणसाचं नाही करणार. दुसरीनं घरी वायफाय आहे का विचारलं. तिसरी, जिच्या वहीत मी ‘उत्तम’ लिहिलं होतं, तिचा फोन लागेना. मग एका सकाळी दारात मारेगावची पोर उभी, खांद्याला पिशवी.

"मी पाडलं ना तुम्हाले. मी करीन बाबाजीचं."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं या पोरीला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं असतं.

पहिल्या दिवशी मी उशाशी उभी राहून प्रत्येक गोष्ट सांगितली. खांदा. कंबर. उशी मागं. घाई नको. ती ‘हो जी, हो जी’ करत होती. वळवताना यजमानांचा लुळा पाय घसरला आणि तिच्या पोटाला लागला. तिच्याकडे मी डोळे वटारून पाहिलं, पण तिनं हात सोडले नाहीत. हात हलवला तो यजमानांनी. पोरीला पाय लागला म्हणून त्यांचा चांगला डावा हात धडपडत तिच्याकडे निघाला, तिला शिवून कपाळाला लावायला. "असू द्या बाबाजी, काही नाही होत," ती म्हणाली. पाठ अर्धी हवेत आणि यांचे शिष्टाचार चाललेत! मी दोघांनाही झापलं.

पुढचे दिवस तसेच गेले. ती वळवायची, मी चुका काढायची. पाणी गार आहे, टॉवेल ओला राहिला, चादरीला सुरकुती पडली. सुरकुतीनंही कातडी जाते, हे खोटं नव्हे. डाग मात्र वाढला नाही. रोज मी चष्मा लावून बघायची आणि रोज यजमान भिंतीकडे तोंड करायचे.

एका दुपारी ती त्यांना स्पंज करायला बसली. मी नेहमीच्या जागी उभी होते. यजमानांनी काहीतरी आवाज केला. मला वाटलं पाणी हवं. त्यांनी डावा हात माझ्याकडे केला, मग दाराकडे. मला कळेना. पोरीला लगेच कळलं.

"मॅडम, तुम्ही थोडं बाहेर थांबा म्हणून राह्यले पेशंट."

"मी बायको आहे त्यांची."

"हो जी. नातेवाईकच ना."

मी आयुष्यभर वॉर्डातून नातेवाईक बाहेर काढले. रडणाऱ्या बायका काढल्या, भांडणारे भाऊ काढले, एका नगरसेवकालाही काढलं. मला कुणी काढलं नव्हतं. मी गेले. मागं पडदा ओढल्याचा आवाज आला.

बाहेर कुलरपाशी मी उभी राहिले आणि ऐकलं. ते बोलत होते. ‘हं’ आणि ‘नाही’ नव्हे, शब्द. तुटके, चघळलेले, मध्ये लांब लांब थांबणारे. कचेरीतलं काहीतरी सांगत होते, कुणाचा अर्ज, कुणाची सही. एका शब्दापाशी ते फार वेळ अडकले. मी असते तर तो शब्द मीच पुरा केला असता. ती थांबली होती. "सांगा बाबाजी, मी ऐकून राह्यले," एवढंच म्हणाली, आणि तो शब्द आला. मला राग आला. तिचा, त्यांचा आणि त्या पडद्याचा. रडूही आलं आणि एका हातानं चष्मा पुसता येईना.

"या मॅडम आता," तिनं हाक मारली. ती हसत होती. "डाग दाबून पाह्यला. पांढरा झाला जी. रंग उतरून राह्यला."

मी खाटेचा दांडा धरला, मग चष्मा चढवून पुढं वाकले. अशा गोष्टी मी कुणाच्या सांगण्यावर कधी मानल्या नाहीत. चादर बाजूला करायला मी हात घातला, तर यजमानांनी डाव्या हातानं ती घट्ट धरून ठेवली.

"तिनं... पाहिलं," ते मला म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं अख्खं वाक्य होतं.