उरलेली शिवराई

मनोहरदा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला होतो. शहापूरला पोचलो तर अंगणात तिरडी बांधायचं काम चालू होतं, आणि सुतळी ओढत होता बाळाराम. त्याला तिथं पाहून मी अंगणाबाहेरच थबकलो... का, ते तिथं फक्त वहिनींना आणि मला ठाऊक होतं. त्याचं नाव मी बदललं आहे.

मनोहरदाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावायची सवय तिथली, तीच पुढं जुन्या नाण्यांकडे वळली. लोक विचारायचे, हे दुर्मीळ आहे का? तो म्हणायचा, "जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. किती पाडली होती तेही पुरेसं नाही. आज किती शिल्लक आहेत, ते बघायचं. उद्या कुठं हंडा निघाला, तर आजचं दुर्मीळ नाणं साधं होतं." त्याच्याकडे तांब्याची एक शिवराई होती, अक्षरांखाली उलटी चंद्रकोर असलेली. तशी दुसरी त्याला ना कुणाच्या संग्रहात दिसली होती, ना पुस्तकात.

भातकापणी उरकल्यावर धसईकडचा बाळाराम रुमालात पाच नाणी बांधून मनोहरदाच्या घरी आला. बांध दुरुस्त करताना मडकं लागलं होतं. मी तिथंच बसलो होतो. मनोहरदानं एकेक नाणं भिंगाखाली धरलं. पाचही चंद्रकोरीची.

"मडक्यात किती आहेत?"

"अर्धं भरलंय. चांगली हायेत का, काका?"

आपलं एकुलतं नाणं आता साधं होणार म्हणून तो हिरमुसेल असं मला वाटलं, पण त्याचा चेहरा फुलला होता. "घासू नको, धुवू नको. उद्या तहसीलदारांकडे जाऊ. जमिनीतलं लपवलं तर गुन्हा होतो."

बाळारामनं पाचही नाणी मुठीत घेतली. "जमीन जाईल आमची?"

"नाही रे, कोण नेतंय जमीन?" पण तो तोवर पायऱ्या उतरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही धसईला गेलो. घराला कुलूप, बांधावर माती चोपून बसवलेली. आठवड्यानं तोच आला. दारातच उभा राहिला. "तुमी काय बघितलं नाय, काका."

"कुठं आहेत ती?"

"वितळवली. तांबं झालं सगल्याचं." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मला पोरं हायेत. कोनाला बोललात तर मी काय करीन, माझं मलाच नाय माहीत."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी त्याची मोटारसायकल घरासमोर उभी राहायला लागली. तो तिच्यावर नुसता बसून असायचा. वहिनी खिडक्या लावून घ्यायच्या. मनोहरदाला त्याची भीती नव्हती. त्याला दुसरंच खात होतं. "गुन्हा हा शब्द मी आधी कशाला काढला?" हे तो परत परत म्हणायचा. नाणी दाखवायला आलेल्यांना तो दारातूनच परत पाठवू लागला. एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

स्मशानातून परतताना बाळाराम माझ्या शेजारून चालत होता. "काका कोनाला बोलले का?" वहिनींचं नाव न घेता मी नाही म्हणालो. "आन् तुमी?" तेही नाही म्हणालो. तो रडत होता, पण माझी बाजू सोडत नव्हता.

तेराव्यानंतर वहिनींनी कपाट उघडलं. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात, वर घड्याळाच्या काट्यासारखं बारीक अक्षर. चंद्रकोरीच्या शिवराईवर लिहिलेलं होतं, "पाहिलेली : एक." ते खोडून खाली लिहिलं होतं... "पाहिलेली : सहा. शिल्लक : एक."