हेल्मेटमधला नंबर

मुलुंडच्या त्या साइटवर चंद्रप्रकाश परबांना कुणी नावानं हाक मारत नाही. 'सेफ्टीवाले' म्हणतात. ते समोरून येताना दिसले की माणसं काखेतली हेल्मेटं डोक्यावर चढवतात आणि ते वळले की पुन्हा काढतात. परबांना हे ठाऊक आहे. तीस वर्षं लोकांच्या मागे लागून 'पडू नकोस' म्हणणारा माणूस कुणाला आवडणार? ट्रेनिंगच्या पत्र्याच्या खोलीत बसून ते एकटेच डबा खातात. डबाही स्वतःच केलेला, त्यामुळे त्यात कौतुकानं उघडून बघण्यासारखं काही नसतं.

नव्या माणसांचा वर्ग मात्र ते जीव ओतून घेतात. निम्मी माणसं बिहार-झारखंडची, निम्मी जालना-परभणीकडची, आणि परबांची हिंदी अशी की ऐकणाऱ्याला आपोआप मराठी यायला लागावी. सत्तावन्नाव्या वर्षीही ते स्वतः पट्टा बांधून लोखंडी चौकटीला लटकतात. "लटकलेला माणूस नीट बघून घ्या," म्हणतात, "पडलेला मला दाखवता येत नाही."

वर्गाच्या शेवटी त्यांचा एक रिवाज असतो. प्रत्येकानं आपल्या घरच्या माणसाचा नंबर मार्करनं हेल्मेटच्या आत लिहायचा आणि सगळ्यांसमोर तो लावायचा. घरच्याला सांगायचं, 'मी मुलुंडला बिल्डिंगच्या कामावर आहे. इथून फोन आला तर उचल. आणि आता गेटवरच्या फोनवर लावून बघ.' मग घरच्यानं गेटवर फोन करायचा. केबिनमधले भाऊराव तो उचलतात, माणसाचं नाव ऐकतात आणि 'आहे' म्हणतात. बस्स, एवढंच. पण हे झाल्याशिवाय कुणालाही वर सोडायचं नाही. ठेकेदार दातओठ खातो. "बायकांशी गप्पा मारायला आणलीत काय माणसं?" असं एकदा तोंडावर बोललाही. परब ढिम्म हलले नाहीत.

यातली अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पूर्वी चारकोपच्या एका कामावर एक माणूस पडला, त्यानं दिलेला नंबर भलत्याचाच निघाला आणि दोन दिवस त्याच्या घरी कळवता आलं नाही. म्हणून हेल्मेटमधला नंबर. पण घरच्यांनी उलट गेटवर फोन का करायचा, हे परबांना कधी कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

साइटवर मोबाइल खाली लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे. परांचीवर उभा असलेला माणूस खिशातला फोन वाजला की दोर सोडून खिशात हात घालतो, हे परबांनी डोळ्यांनी पाहिलंय. सेफ्टीवाल्याला या नियमातून सूट असते, पण परबांनी ती घेतली नाही. नियम सांगणाऱ्यानं आधी पाळावा, असा त्यांचा हेका. तीन वर्षांपूर्वी ते एकोणिसाव्या मजल्यावर परांचीच्या गाठी तपासत होते आणि खाली लॉकरमध्ये फोन वाजत होता. भांडुपच्या घरी वनमालाच्या, त्यांच्या बायकोच्या, छातीत कळ आली होती. तिचे अकरा फोन, मग पुण्याहून मुलाचे, प्रांजलचे, सतरा. संध्याकाळी सहाला परबांनी लॉकर उघडला, तोवर शेजाऱ्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं होतं आणि ती गेलीही होती.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर प्रांजल म्हणाला, "तुमच्या नियमानं एकही माणूस पडला नाही बाबा. आई तेवढी गेली." त्यानंतर तो बोलला नाही. परबांनीही फोन केला नाही. काय म्हणून करणार?

त्या दिवशी वर्ग गार्गी घेत होती. गार्गी डिप्लोमा संपवून महिन्यापूर्वीच परबांच्या हाताखाली आलेली, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. एकतीस नव्या माणसांचे फोन झाले, गेटवरचा फोन एकतीस वेळा वाजला. परब मागच्या बाकावर बसून खूश होते. तेवढ्यात गार्गी म्हणाली, "सर, तुमचं हेल्मेट द्या."

"माझं कशाला?"

"तुम्हीच सांगता ना, गेटच्या आत येणारा प्रत्येक जण? मग तुम्ही काय गेटवरून उडून येता?"

माणसं हसली. परबांना काही सुचायच्या आत तिनं हेल्मेट उचलून आतला नंबर वाचला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. तिकडे भांडुपला, कपाटात साड्यांच्या घडीवर ठेवलेला वनमालाचा फोन वाजायला लागला. परब तो रोज रात्री चार्ज करत आणि न चुकता रिचार्जही करत. तिचा नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"सर, उचलत नाहीयेत."

"उचलणार नाही," परब म्हणाले. "ती नाही आता. तीन वर्षं झाली."

गार्गीचा चेहरा उतरला. "सॉरी सर. राहू दे मग."

राहू दे म्हटलं असतं तर राहिलंही असतं. पण एकतीस माणसं बघत होती, आणि आज सेफ्टीवाल्याला सोडलं तर उद्या आपल्यालाही सोडतील, हे त्यांना न सांगता कळलं असतं. परबांनी लॉकरमधून फोन आणला. त्यांनी प्रांजलचा नंबर लावला. चार वेळा रिंग गेली, पाच वेळा गेली.

"हॅलो."

परब वर्गातलीच वाक्यं बोलले. "मी मुलुंडला बिल्डिंगच्या कामावर आहे. इथून फोन आला तर उचल."

मग प्रांजल म्हणाला, "उचलेन. आणि मला काही झालं, तर मी कुणाला फोन करायचा? लॉकरला?"

"गेटवर कर. भाऊराव असतात, लगेच उचलतात. वॉकीटॉकीवरून निरोप वर येतो. तीन मिनिटांत मी खाली."

"हे कधीपासून?"

"आई गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

परबांनी गेटचा नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश. "लिहिलास? आता लावून बघ एकदा. लावून बघायचा असतो."

"बघतो," प्रांजल म्हणाला आणि फोन ठेवला.

गेटवरचा फोन वाजला नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. "मीटिंगमध्ये असतील सर," गार्गी म्हणाली. परब नुसते "हं" म्हणाले. एकतीस माणसं हेल्मेटं चढवून वर गेली. ज्याचा फोन आला नाही तो खालीच राहणार, त्यामुळे परब केबिनबाहेरच्या बाकावर बसले. दुपारी डबाही त्यांनी तिथेच खाल्ला. येणारे-जाणारे बघत होते, पण विचारलं कुणी नाही. फोन दोनदा वाजला. एकदा सिमेंटवाल्याचा होता, एकदा राँग नंबर. दोन्ही वेळा परब अर्धे उठून पुन्हा बसले.

साडेपाचला माणसं खाली उतरायला लागली, तेव्हा फोन तिसऱ्यांदा वाजला. भाऊराव काहीतरी बोलले आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, तुमचाच होता. चंद्रप्रकाश परब आहेत का, म्हणाला. आहेत म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. जरा वेळ तसाच धरून होता, मग ठेवला."

"तेवढंच विचारायचं असतं," परब म्हणाले. त्यांनी मार्कर काढला आणि हेल्मेटच्या आत, वनमालाच्या नंबराखाली, मुलाचा नंबर लिहिला. डोळे भरून आल्यामुळे आकडे वाकडे आले. आता वर जायला हरकत नव्हती. पण फोन पुन्हा वाजला तर आपण जवळ असावं म्हणून साइट रिकामी होईपर्यंत ते त्या बाकावरून उठले नाहीत.